पांढरी कड

लिफाफा आला तेव्हा ती मोजत होती. तिचं कामच मोजण्याचं. कुठल्या जुन्या शाळेचं छप्पर उतरवलं, कुठल्या बॉयलरवरचं लिंपण खरवडलं, की तिथली हवा नाण्याएवढ्या गाळणीतून ओढून ती गाळणी तिच्या टेबलावर यायची, आणि तिच्यावर अ‍ॅस्बेस्टॉसचे किती तंतू अडकलेत ते सूक्ष्मदर्शकातून बघून तिनं सांगायचं. शंभर खिडक्या बघायच्या. खिडकी म्हणजे भिंगात कोरलेलं एक बारीक वर्तुळ. तंतू पाच मायक्रॉनपेक्षा लांब हवा आणि रुंदीच्या तिप्पट तरी हवा. दोन्ही टोकं वर्तुळात असली तर एक, एकच टोक आत असलं तर अर्धा. सव्वीस वर्षं ती असं एक-अर्धा करत आली होती आणि या कामात तिचा हात धरणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं. मोजताना कुणी बोललेलं तिला चालायचं नाही, म्हणून शिपायानं लिफाफा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि पावलांचा आवाज न करता तो निघून गेला. सत्तेचाळिसावी खिडकी संपल्यावर तिनं मान वर केली. लिफाफ्यावर दादाचं अक्षर होतं. मोठं, तिरकं, ओळी सोडून चढावर निघालेलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला तळहाताएवढा एक तुकडा आणि एक चिठ्ठी. शास्त्रज्ञबाईंस, असं लिहून पुढे दादानं लिहिलं होतं की रिटायर झालोय तर बाबांचा ट्रॅक्टर उघडलाय, दुकानातलं नवं पॅकिंग दोनदा बसवलं आणि दोनदा गळलं, हे जुनं मात्र गळत नाही. तुमच्याकडे मशिनं आहेत, तर जाडी मोज आणि असलं अजून कुठे मिळतं का बघ.

पॅकिंग म्हणजे गॅस्केट. इंजिनाचे दोन भाग नटबोल्टांनी आवळतात तेव्हा मधल्या फटीतून पाणी किंवा तेल पाझरू नये म्हणून बसवायचा पातळ पत्रा. इंजिनातून काढलेलं जुनं पॅकिंग तिला ठाऊक होतं. तेल पिऊन तपकिरी झालेलं, बिस्किटासारखं तुटणारं. हा तुकडा तसा नव्हता. पाठीपोटाला काळसर, गुळगुळीत, स्वच्छ. तिनं तो वर्तमानपत्रासकट उजेडाकडे वळवला आणि मग त्याची कड तिला दिसली. कड पांढरी होती. पांढरी आणि किंचित केसाळ, आणि तिच्यालगत हातोडीचे बारीक गोल ठसे एकापुढे एक उठलेले. जुनी कड काळवंडते. ही फार तर आठवड्याभरापूर्वी कापलेली होती. म्हणजे तो पत्रा अजून होता. बाबांनी आणलेली ती गुंडाळी, जी कधीच संपली किंवा फेकली असेल असं तिनं गृहीत धरलं होतं, ती अजून दादाच्या घरात होती, आणि दादा तिच्यातून कापत होता.

तिनं वर्तमानपत्र पुन्हा मिटलं. मग नियमाप्रमाणे सगळं केलं. मोजे चढवले, तुकडा धूळ ओढून घेणाऱ्या शोषयंत्राच्या कपाटात नेला, चिमट्यानं कडेचा एक पुंजका उचलून काचेवर तेलाच्या थेंबात बुडवला. बघण्याची गरज नव्हती, तरी बघितलं. मऊ, नागमोडी, रेशमासारखे तंतू. काच फिरवली की जांभळे, आणखी फिरवली की निळे. पहिल्या वर्षी शिकताना हा रंग बघून तिला चक्क आनंद झाला होता. सुंदर दिसतो, असं ती बरोबरच्या मुलीला म्हणालीही होती. आता तिनं ती काच बाजूला काढली आणि राहिलेल्या त्रेपन्न खिडक्या पूर्ण केल्या. आकडा बरोबर आला की नाही याची खात्री नव्हती म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. दोन्ही वेळा साडेअकरा.

दुपारच्या सुट्टीत तिनं जिन्यात उभं राहून फोन लावला. दादा खुशीत होता. जाडी किती भरली, असं त्यानं आधी विचारलं, आणि तिनं सांगितल्यावर म्हणाला की बघ, मी अंदाजानं तेवढीच म्हणालो होतो, उगाच सरकारनं तुला मशिनं दिली. ती म्हणाली की या पत्र्यावर बंदी आहे, तो वापरू नकोस, गुंडाळून ठेव, मी येऊन घेऊन जाते. त्यावर तो हसला. बंदी चांगल्याच गोष्टींवर येते म्हणाला, भिकार माल खुशाल विका. मग बोलता बोलता त्यानं सहज सांगितलं, पाण्याचा पेला पुढे करावा तितकं सहज, की गुंडाळी माळ्यावर आहे, निम्मी शिल्लक आहे, एवढी वर्षं कुणाच्या पंपाला, कुणाच्या मोटरला, रविवारी बसल्या बसल्या तोच तर पॅकिंगं ठोकून देत आला. बस चालवून आंबलेलं अंग हातोडी धरली की मोकळं होतं. पाठीमागून वहिनीचा आवाज आला. त्या पांढऱ्या भुशानं कपडे कसे होतात ते शास्त्रज्ञबाईंना सांगा म्हणावं, झटकून झटकून माझे खांदे गेले. दोघंही हसली. ती जिन्याचा कठडा धरून उभी होती. कठडा थंड होता, लोखंडाचा, त्याच्यावरचा रंग अंगठ्याखाली पोपडा धरून आलेला. पोपडा काढायचा मोह तिला झाला आणि तिनं हात मागे घेतला.

दोन दिवसांची रजा टाकून ती बसनं निघाली. खिडकीपाशी बसली, पण काच उघडली नाही. बाबांची शेड तिच्या डोळ्यांसमोर होती. खरं म्हणजे नाकासमोर. डिझेल, ग्रीस, आणि त्या दोन्हींखाली एक कोरडा, खडूसारखा वास. बाबा ट्रॅक्टर घेऊन लोकांची शेतं नांगरून द्यायचे आणि हंगाम संपला की इंजिन खोलून बसायचे. इतर मिस्त्री जुनं पॅकिंग पाण्यात नाहीतर रॉकेलमध्ये भिजवून काढायचे. बाबांना ते आवडायचं नाही. घासून आरसा केलेल्या लोखंडाला पाणी दाखवलं की सकाळपर्यंत गंज धरलाच, असं ते म्हणत, आणि आळशी माणसाला गंज दिसत नाही असंही म्हणत. त्यांच्या शेडमध्ये पाण्याची बादलीसुद्धा उंबऱ्याच्या आत यायची नाही. करवतीच्या तुटक्या पात्याला धार लावून ते जुनं पॅकिंग कोरडंच खरवडायचे; तासन् तास, नख फिरवलं तर कुठे अडकता कामा नये इतकं. मग नवा पत्रा त्या लोखंडावरच ठेवायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं हलकेच ठोकत जायचं. लोखंडाची धारच पत्रा कापते. कागदावर माप काढायला नको, कात्री नको. बाबांना गावात मान कुणी दिला नसेल, पण त्यांच्या इंजिनातून तेलाचा थेंब गळला असं कुणी म्हणू शकलं नाही. बोल्टच्या भोकांत भुसा साठायचा, तो राहिला तर बोल्ट पूर्ण बसत नाही. ती भोकं फुंकायचं काम तिचं होतं. आठ वर्षांची होती. गाल फुगवून फुंकर मारायची आणि भोकातून पांढरा धूर उडाला की डोळे मिटून घ्यायचे. बाबा म्हणायचे, शाबास. एवढ्या नेमकेपणानं, एवढ्या निगुतीनं, दुसऱ्या कुठल्याही घरात हे झालं नसतं. गलथान माणसानं पाणी ओतलं असतं आणि तो वाचला असता.

पुढे बाबांची पाठ धरली, आणि खरवडायला दादा बसू लागला. तेव्हा तो सतरा वर्षांचा. बाबांपेक्षाही चिवट; एकदा बसला की जेवायला हाक मारून आईचा घसा बसायचा. संध्याकाळी तो मागच्या दारी यायचा तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पिठात लोळल्यासारखा. आई त्याला दारातच थांबवायची, शर्ट उतरवून घ्यायची आणि पायरीवर उभं राहून झटकायची. दोन्ही खांदे धरून, जोरात, तोंड किंचित बाजूला वळवून. मग कॉलर आत-बाहेर करून पुन्हा. आई शेडमध्ये कधीच गेली नाही. तो बायकांचा प्रांत नाही म्हणायची, आणि डिझेलच्या वासानं तिचं डोकं दुखायचं. पाच वर्षं, रोज संध्याकाळी एक शर्ट. मग दादाला डेपोत ड्रायव्हरची नोकरी लागली, शर्ट खाकी झाले, ती शिकायला शहरात आली, बाबा एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या हृदय बंद पडून गेले, ट्रॅक्टरवर ताडपत्री पडली. शेड मिटली असं तिला वाटलं. गोष्टी अशा मिटतात असं तिला वाटायचं.

आईच्या छातीत पाणी झालं त्याला चौदा वर्षं झाली. दोनदा काढलं, दोनदा भरलं. मग एक तुकडा तपासायला गेला आणि अहवाल आला. दादा औषधं आणायला खाली गेला होता, म्हणून डॉक्टरांनी तो तिच्याच हातात दिला. त्यात आजाराचं लांबलचक नाव होतं. तिला ते नाव पाठ होतं. तिच्या कार्यालयाच्या भिंतीवर लावलेल्या तक्त्यात ते खालून दुसरं होतं. डॉक्टर तरुण होते, थकलेले. हा फार क्वचित होतो, ते म्हणाले, एकाच प्रकारच्या धुळीनं होतो, तीस-चाळीस वर्षांनी वर येतो. घरात कुणी अ‍ॅस्बेस्टॉसचं काम करत होतं का? ती म्हणाली, माहीत नाही. माहीत असणं हाच जिचा पेशा, ती म्हणाली माहीत नाही. बोळात फिनाइलचा वास होता आणि ढकलखुर्चीचं एक चाक दूर कुठेतरी कुरकुरत होतं. तिची सगळी हुशारी त्या कुरकुरीत आकडेमोड करत राहिली. पाच वर्षं, वर्षाचे एवढे दिवस, रोज एक शर्ट. दादा जिना चढून आला, औषधांची पिशवी छातीशी धरून, आणि त्यानं विचारलं, “आपलं काही चुकलं का गं?” त्याचा चेहरा रडून झाल्यासारखा स्वच्छ होता. ती म्हणाली, “नाही दादा. असंच होतं कुणाकुणाला.” अकरा महिन्यांनी आई गेली. तेव्हापासून ते वाक्य तिनं आपल्या मोजक्या चांगल्या कामांमध्ये धरलं होतं. एवढं एक आपण केलं, असं तिला वाटायचं. आईचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. दादा बस चालवत होता, लोखंडापासून दूर, मोकळ्या हवेत. ज्या गोष्टीचा आता कुणालाच उपयोग नाही ती त्याच्या उशाशी कशाला ठेवायची? मात्र दादा रविवारी काय करतो, हे या चौदा वर्षांत तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

तो फाट्यावर स्कूटर घेऊन उभा होता. साठी उलटली तरी उभा राहण्याची तऱ्हा तीच, एक पाय पुढे, ब्रेकवर ठेवल्यासारखा. वाटेत त्याला कुठे थांबून श्वास घ्यावा लागला नाही, तो खोकला नाही. हे सगळं तिनं मागच्या सीटवरून मोजलं. शेडमध्ये ट्रॅक्टर ताडपत्रीबाहेर आला होता. बॉनेट उतरवलेलं, रंग जाऊन उरलेलं तांबूस लोखंड, आणि समोर पाण्याच्या पंपाच्या सांध्याखाली एक डबा ठेवलेला. डब्यात थेंब पडत होता. मोठे सांधे, हेडचं वगैरे, दुकानातल्या तयार पॅकिंगवर नीट बसले होते. हा पंप आणि बाजूची झाकणं एवढीच राहिली होती, आणि पंप नव्या पत्र्यावर गळतच होता. दुपारी तो उपटून बाबांच्या पत्र्याचं बसवणार, दादा म्हणाला. दुकानातलं पॅकिंग म्हणजे निव्वळ पुठ्ठा. बाबांचा पत्रा सगळं पोटात घालतो.

बसमध्ये तिनं एक उपाय शोधून काढला होता, आणि तो उपाय शोधताना तिला इतका हुरूप आला होता की त्याचीच तिला नंतर लाज वाटली. दादाला थांबवायचं तर कारण सांगावं लागणार. खरं कारण सांगितलं की तो चार पावलांत आईच्या पायरीपर्यंत पोहोचणार. तो शिकला कमी पण यंत्रं उघडून डोकं तयार झालेलं. म्हणून कारण सांगायचंच नाही. नवं पॅकिंग गळणार नाही असं करून दाखवायचं. गळलं नाही की जुन्या पत्र्याची गरज उरणार नाही, गरज उरली नाही की गुंडाळी मागून न्यायची. तिनं सांगितलं, पॅकिंगचा दोष नाही दादा, पंपाचं तोंड वाकलंय. त्याला ते लागलं. बाबांनी घासलेलं तोंड आहे, तो म्हणाला. तिनं पंप उतरवायला लावला, बॅगेतून पोलादी पट्टी काढली, पंपाच्या तोंडावर, म्हणजे सांध्याला टेकणाऱ्या सपाट बाजूवर, आडवी धरली आणि पलीकडे विजेरी लावली. पट्टीखालून उजेडाची एक रेघ आली, मधोमध, केसाएवढी. दादा बराच वेळ वाकून त्या रेघेकडे बघत राहिला. “एवढ्यानं?” तो म्हणाला. एवढ्यानंच.

मग दोघांनी पंपाचं तोंड सपाट केलं. जाड काचेवर व्हॉल्व्ह घासायचा लेप आणि तेल पसरून त्याच्यावर पंप आठाच्या आकड्यात फिरवायचा, दर शंभर फेऱ्यांनी पुसून निळी शाई लावून बघायचं, शाई कुठे उठते आणि कुठे नाही. ओलं काम. धूळ नाही. तिनं मुद्दाम ते निवडलं होतं. तोंडाला उरलेले जुन्या पॅकिंगचे कण तिनं आधी साबणाच्या पाण्यानं भिजवून पुसून घेतले, तेव्हा दादा कपाळावर हात मारून म्हणाला की बाबा असते तर तुला बादलीसकट बाहेर काढलं असतं. ती म्हणाली, मी लगेच तेल लावते, गंज धरणार नाही. त्यानं भुवया उंचावल्या, पण करू दिलं. आळीपाळीनं फेऱ्या मारताना त्यानं डेपोतले किस्से सांगितले. एका कंडक्टरचा, जो थांबे विसरायचा आणि दोष घंटेवर ढकलायचा. एका इन्स्पेक्टरचा, ज्याला सगळे गोगलगाय म्हणायचे. ती हसली. मध्येच तिच्या लक्षात आलं की आपण सुखात आहोत. काचेवर लोखंड फिरताना येणारा तो ओलसर, एकसारखा आवाज, दादाचे मोठे, नखांत काळं भरलेले हात, आणि शाई हळूहळू साऱ्या तोंडावर सारखी उठत जाणारी. आपण एकही अक्षर न बोलता त्याला वाचवतो आहोत, असं तिला वाटत होतं.

तीन वाजता पंप बसला. नवं पॅकिंग, दोन्ही बाजूंना ग्रीसचा बारीक हात, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत. दादानं पाणी भरलं, चावी फिरवली, इंजिन दोनदा खोकलं आणि धरलं. शेडचा पत्रा थरथरू लागला. डबा रिकामा होता आणि रिकामाच राहिला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. दादानं सांध्यावरून बोट फिरवून बोट तिला दाखवलं, कोरडं. त्याचा चेहरा बघून तिचा जीव भांड्यात पडला. त्यानं इंजिन बंद केलं आणि म्हणाला की बाबांनी मला मिस्त्री केलं आणि तुला शिकवलं, उलटं करायला हवं होतं. तिनं ती वेळ साधली. मग ती गुंडाळी आता मला दे, म्हणाली, माझ्या कार्यालयात नमुना म्हणून लागेल. तो म्हणाला, तुकडा दिला ना. तेवढा पुरे. बाबांच्या हातचं एवढंच राहिलंय घरात. आणि बोलता बोलता त्यानं बाजूचं एक झाकण उतरवून मांडीवर घेतलं, खिशातून करवतीचं पातं काढलं आणि झाकणावरचं जुनं, कडक झालेलं पॅकिंग कोरडंच खरवडायला सुरुवात केली. ती म्हणाली, भिजवून घे. तो म्हणाला, पंपाला पाणी चालतं, पंप पाण्यातच जन्म काढतो. हे तेलाचं तोंड आहे. पात्याचा आवाज तिनं चाळीस वर्षांनी ऐकला. दारातून उतरलेल्या उन्हाच्या पट्ट्यात पांढरं काहीतरी तरंगलं. तिला त्याच्या खिडक्या पाडता आल्या असत्या. दादानं झाकण तोंडाजवळ नेलं आणि बोल्टच्या भोकात फुंकायला गाल फुगवले.

“फुंकू नकोस,” ती म्हणाली.

तो तसाच थांबला, गाल फुगलेले. मग हवा नाकानं सोडली.

“का?”

पंप कोरडा झाला म्हणून काही संपत नव्हतं. ट्रॅक्टरच्या झाकणांची तोंडं अजून राहिली होती, आणि ट्रॅक्टर संपला की लोकांचे पंप, लोकांच्या मोटरी, आणि त्याचे रविवार. तिनं सांगितलं. आधी पत्र्याचं नाव, मग तो तंतू कसा असतो, तो आत गेला की बाहेर का येत नाही, किती वर्षं गप्प बसतो. ती कार्यालयात नव्या मुलींना सांगायची तसंच सांगत गेली, त्याच क्रमानं, कारण दुसरा क्रम तिला येत नव्हता. दादा मान कलती करून ऐकत होता. इंजिनात आवाज कुठून येतोय ते शोधताना तो अशीच मान करायचा.

“बाबा?” त्यानं विचारलं.

“बाबा हार्टनं गेले. त्याचा संबंध नाही.”

त्यानं झाकणाकडे बघितलं. अंगठ्यानं त्यानं एक भोक झाकलं होतं. “मग ठीक,” असं काहीसं तो पुटपुटला, आणि मग, “आईच्या छातीत पाणी झालं होतं. पण आई तर कधी शेडमध्ये आलीच नाही.”

त्यानं पळवाट स्वतःच काढून दिली होती. फक्त हो म्हणायचं होतं. आई शेडमध्ये आली नाही, खरंच आहे. वाक्यात एकही चूक नव्हती. तिनं तोंड उघडलं. घरामागून कपडे वाळत घालायच्या दोरीकडून फट्ट असा आवाज आला, कापड झटकल्याचा. मग पुन्हा. दादाची मान आवाजाकडे वळली आणि तिथेच राहिली. तिसऱ्यांदा फट्ट झालं तेव्हा त्यानं झाकण मांडीवरून उचलून दोन्ही हातांनी अलगद जमिनीवर ठेवलं.

“शर्ट,” तो म्हणाला.

तिनं साबणाच्या पाण्यातलं ओलं फडकं उचलून झाकणावर टाकलं.

“माझे शर्ट.”

“हो.”

“मी तुला विचारलं होतं. दवाखान्यात.” त्याचा आवाज चढला नव्हता. “आपलं काही चुकलं का, असं मी तुला विचारलं होतं. तेव्हा तुला माहीत होतं?”

“हो.”

“किती वर्षं झाली त्याला?”

त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं विचारलं, आणि आकडा सांगणं तिच्याकडे आलं.

“चौदा.”

दादा उठला. उठताना त्यानं गुडघ्यावर हात दिला नाही. तो दारापर्यंत गेला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. उन्हात त्याच्या खांद्यांवरचा, केसांवरचा पांढरा भुगा स्पष्ट दिसत होता. झटकायला त्याचा हात खांद्यापर्यंत गेला आणि मध्येच थांबला. तू सांगितलं असतंस तर मी रडलो असतो, तो म्हणाला, एवढंच झालं असतं. “चौदा वर्षं तुझी वहिनी बाहेर झटकतेय,” तो म्हणाला, “आणि तू तिकडे बसून लोकांचं मोजतेस.”

त्यानं वहिनीला हाक मारली आणि सांगितलं की हातातलं आहे तिथेच खाली ठेव, झटकू नकोस, लांब हो. वहिनी लांब झाली नाही. ती शर्ट हातात घेऊनच घराला वळसा घालून आली. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, बाह्या कोपरापर्यंत सारलेली, आणि अंगणात उभं राहून तिनं विचारलं की असं ओरडायला काय झालं, ट्रॅक्टर पेटला की काय. दादानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो दारातून एका बाजूला सरकला, वाट देतात तसा.

“हिला विचार,” तो म्हणाला.

वहिनीनं शर्टाची घडी छातीशी धरली आणि डोळ्यांवर येणारं ऊन हातानं अडवून शेडच्या आतल्या अंधारात बघितलं. आत कोण कुठे आहे ते तिला दिसत नव्हतं. ती हसतच होती.

“काय हो वन्सं?” तिनं विचारलं.